केबलच्या लाइनवर टॅप बसवताना आणि त्याची देखभाल करताना

टॅप म्हणजे केबल टीव्हीच्या मुख्य लाइनमधून सिग्नलचा थोडा भाग ग्राहकांच्या घरांकडे वळवणारी डबी. टॅपच्या ग्राहकाकडे जाणाऱ्या पोर्टवर (केबल जोडण्याच्या तोंडावर) साधारणपणे फक्त सिग्नल असतो. मुख्य लाइनच्या दोन पोर्टमधून मात्र सिग्नल वाढवणाऱ्या पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ६० किंवा ९० व्होल्टचा एसी पुरवठाही जात असू शकतो. परिसरातली वीज गेली म्हणजे ही लाइनही बंद झाली असे समजू नये, कारण पॉवर सप्लायला बॅटरीची जोड असू शकते. त्या भागाला पुरवठा देणारे सगळे पॉवर सप्लाय बंद करावेत आणि केबलच्या मधल्या तारेवर व्होल्टेज उरलेले नाही हे मल्टिमीटरने तपासावे.

याहून मोठा धोका केबलच्या मधल्या तारेभोवती असणाऱ्या बाहेरच्या धातूच्या जाळीचा आहे आणि नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. एखाद्या घरातील अर्थिंग किंवा न्यूट्रल सदोष असेल, तर २३० व्होल्टचा प्रवाह टीव्हीमार्गे या जाळीवर येऊ शकतो. म्हणून हात लावण्यापूर्वी जाळी आणि खात्रीचे अर्थिंग यांच्यामधले व्होल्टेज मोजावे, आणि ते आढळल्यास काम थांबवून इलेक्ट्रिशियनकडून दोष शोधून घ्यावा. मीटर शून्य दाखवत असला, तरी जाळीतून प्रवाह वाहत असू शकतो. अशी लाइन तोडताच दोन्ही टोके धरणारा माणूसच त्या प्रवाहाचा मार्ग होतो. त्यामुळे कनेक्टर सोडण्याआधी दोन्ही बाजूंच्या जाळ्या जाड तांब्याच्या तारेने आणि चिमट्यांनी जोडून घ्याव्यात. पाऊस किंवा विजांचा कडकडाट असताना शिडीवर चढूच नये.

टॅपची निवड लाइनवरच्या सिग्नलच्या पातळीवरून ठरते; ही पातळी डीबी मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. लाइनवर ९० डीबी मायक्रोव्होल्ट असताना २० डीबीचा टॅप लावला, तर पोर्टवर ७० मिळतात; घरापर्यंत जाणारी ३० मीटर आरजी-६ केबल वरच्या फ्रिक्वेन्सीला सुमारे ६ डीबी खाते, म्हणजे सेट-टॉप बॉक्सपर्यंत ६४ पोहोचतात. अ‍ॅम्प्लिफायरजवळ मोठ्या डीबीचा टॅप लावावा आणि पुढे जाताना आकडा कमी करत जावा. इन आणि आउटच्या खुणा पाहूनच जोडणी करावी.

आपल्याकडे टॅप खराब होतो तो बहुधा पाण्याने. ग्राहकांचे पोर्ट खाली तोंड करून बसवावेत आणि केबलला पोर्टच्या पातळीखाली वळण द्यावे, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी आत न जाता तिथेच गळून पडते. केबलच्या टोकाला बसवायच्या एफ कनेक्टरमध्ये जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये. साधी इन्सुलेशन टेप गुंडाळून पाणी अडत नाही, उलट ते आत साचून राहते. त्याऐवजी रबरी टोपी किंवा स्वतःला चिकटणारी रबर टेप वापरावी. रिकाम्या पोर्टवर ७५ ओहमचे टर्मिनेटर (पोर्ट बंद करणाऱ्या टोप्या) लावावेत, कारण उघड्या पोर्टमधून बाहेरचा गोंगाट लाइनमध्ये शिरतो.

पावसाळ्यापूर्वी आणि नंतर टॅप उघडून पाहावा; मात्र काही टॅपची पुढची प्लेट काढताच पुढची सगळी घरे बंद पडतात, म्हणून ग्राहकांना आधी कळवावे. मधल्या तारेवर हिरवट थर दिसला, तर ती केवळ घासून पुन्हा बसवू नये. कोरडा, चकचकीत भाग येईपर्यंत केबल कापून नवा कनेक्टर लावावा, गंज आतल्या पट्टीपर्यंत गेला असल्यास टॅप बदलावा, आणि पुरवठा सुरू केल्यावर शेवटच्या ग्राहकाच्या पोर्टवर पातळी मोजूनच शिडी उतरवावी.