कुणबी-वेळिपांची बोली कशी नोंदवावी

कोकणीचे व्याकरण 1640 मध्ये गोव्यातील रायतूरला छापले गेले, 1987 च्या कायद्याने देवनागरी कोकणी गोव्याची राजभाषाही झाली. पण काणकोण, केपें, सांगें या तालुक्यांतील डोंगरवाड्यांवर राहणाऱ्या कुणबी आणि वेळिप या आदिवासी समाजांतील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असलेली कोकणी बोली ऐकून उतरवणे हे काम अभ्यासकाचेच आहे. त्यातही मराठीत शिकलेल्या अभ्यासकाने सर्वांत आधी स्वतःच्या कानावर अविश्वास ठेवावा, कारण तो ओळखीचे रूप ऐकतो आणि नकळत तेच लिहितो.

प्रथम बोलणाऱ्याची संमती घ्यावी आणि ध्वनिमुद्रण कुठे ठेवले जाईल, कोण ऐकेल, हे स्पष्ट सांगावे. धालोची, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याची, गाणी मांडाशी, म्हणजे त्यासाठीच्या ठरलेल्या पवित्र जागेशी, बांधलेली असतात; ती अंगणात गाऊन दाखवण्याचा आग्रह धरू नये. शंभर शब्दांची तयार यादी तुलनेपुरती ठीक, पण ‘पाणी, हात, दगड’ विचारत बसल्यास समोरची आजी आपल्याला समजेल असेच रूप सांगते. त्यापेक्षा कुमेरी, म्हणजे डोंगरावरची फिरती शेती, कशी करीत, रान कधी तोडीत, नाचणी कशी पेरीत आणि कापीत, हे विचारावे. मग क्रियापदे, अवजारांची नावे आणि शिव्यासुद्धा आपोआप येतात. (शिव्या गाळू नयेत.)

ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर करावे, पंखा बंद ठेवावा आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. लिप्यंतरासाठी ईलॅन हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात पहिली ओळ आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची, दुसरी देवनागरीची आणि तिसरी मराठी अर्थाची ठेवावी. ध्वनिलिपीची ओळ टाळता येत नाही, कारण कोकणीत विवृत (तोंड जास्त उघडून उच्चारलेले) आणि संवृत (कमी उघडून उच्चारलेले) ‘ए’, ‘ओ’ यांमुळे अर्थ बदलतो आणि नेहमीच्या देवनागरीत हा भेद दिसत नाही. एका मिनिटाच्या बोलण्याला तासभर सहज लागतो, म्हणून मुद्रण थोडे करावे, पण त्याच आठवड्यात उतरवावे. महिन्याभराने संदर्भ आठवत नाही.

उतरवलेला मजकूर बोलणाऱ्यालाच वाचून दाखवावा. ‘आमी अशें म्हणनात’ (आम्ही असे म्हणत नाही) असे उत्तर आले, तर आपले लेखन खोडून त्यांचे रूप लिहावे आणि आपण आधी काय ऐकले होते तेही शेजारी टिपून ठेवावे. एक प्रत त्या कुटुंबाला, एक वाड्यावरच्या शाळेला आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावी.