पीडीवरचं बाळ आणि नवी डायटिशियन

शिकताना किडनीचा आहार म्हटलं की 'हे बंद, ते बंद'ची यादी आपण पाठ करतो. ती मोठ्या माणसांची. मुलांच्या किडनी विभागात रुजू झालात की आधी ती बाजूला ठेवा. पहिल्या दोन वर्षांत बाळ वाढतं ते मुख्यतः पोटात काय जातं त्यावर, आणि तेव्हा राहिलेली उंची नंतर भरून काढणं फार अवघड. त्यामुळे आपलं काम अडवायचं कमी, भरवायचं जास्त.

माझी पहिली फजिती सांगते. सात महिन्यांचा मुलगा, घरी रात्रभर मशीनवर पोटाचं डायलिसिस, म्हणजे पीडी. आठवड्यात वजन ५.४ किलोचं ५.८ झालं. मी खुशीत फाइलमध्ये 'वजनवाढ उत्तम' लिहून टाकलं. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, काट्याआधी पापण्या बघा." पापण्या सुजलेल्या. कमरेमागे अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. बहुतेक सगळं पाणीच होतं ते! आता मी सूज उतरल्यावरचं वजन धरते, सोबत लांबी आणि डोक्याचा घेर. लांबी मोजायला दोन माणसं घ्या. वळवळणाऱ्या बाळाला एकटीने टेप लावून आलेला आकडा कामाचा नाही.

हिशोबात दोन गोष्टी नवे लोक हमखास विसरतात. पीडीसाठी पोटात भरतात त्या पाण्यातली साखर अंगात शिरते, किलोमागे रोज साधारण ८ ते १२ कॅलरी. उलट त्याच पाण्यातून प्रथिनं निघून जातात, म्हणून सहा महिन्यांखालच्या बाळाला किलोमागे १.५ऐवजी १.८ ग्रॅम धरतात.

दूध आईचंच उत्तम. त्यात खराब किडनीला न झेपणारं फॉस्फरस १०० मिलीमागे साधारण १५ मिलीग्रॅम, गाईच्या दुधात ९०च्या आसपास. पण आईच्या दुधात मीठ कमी. जन्मजात मूत्रमार्गाच्या अडथळ्यामुळे किडनी गेलेली मुलं बऱ्याचदा भरपूर लघवी करतात, तिच्यातून सोडियम जातं; पीडीतूनही जातं. तिथे मीठ बंद केलंत तर वाढ थांबते. डॉक्टर उलट मोजून मीठ देतात. आणि रक्तात फॉस्फरस ६ आलं, रिपोर्टवर लाल खूण दिसली, तर घाबरू नका. छापलेली मर्यादा मोठ्यांची असते. या वयाला ६ चालतं.

वरचं खाणं सुरू झालं की गाठ आज्जींशी. शक्तीसाठी नारळपाणी, वरणाचं पाणी. दोन्हींत किडनीला न झेपणारं पोटॅशियम येतं, कॅलरी नावाला. नुसतं 'नको' म्हटलंत तर तुमच्यामागे दिलं जाईल. मी सांगते, "आज्जी, मऊ भातात एक चमचा साजूक तूप तुम्ही घाला." चहाच्या चमच्याएवढ्या तुपात ४० कॅलरी, आणि आज्जींचा मानही राहतो.

उलट्या तर होणारच. आईला 'किती दिलं' विचारून भागत नाही, 'किती टिकलं' विचारा. एका आईने वहीत लिहून आणलं होतं: '६० दिलं, अर्धी वाटी बाहेर, दुपट्यावर वेगळं.' एवढ्या चोख नोंदी मीही ठेवत नाही. टिकतच नसेल तर नाकातून नळी घालून रात्री थेंबथेंब दूध. नळी म्हटलं की घरचे रडतात, शेवटचा उपाय वाटतो त्यांना. ती लवकर घातलेली बरी, हे माझं ठाम मत. फक्त नळी चालू असताना बोटावर तूपभात घेऊन जिभेला लावत राहा, नाहीतर पुढे प्रत्यारोपण होऊन नळी निघते आणि पोर चमचा पाहिला की तोंड फिरवतं.