प्रेशर कुकर घरी ठेवा: अल्गॉन्क्विनमध्ये कनूने मुक्कामाला जाताना

अल्गॉन्क्विन म्हणजे कॅनडातलं जंगल आणि तळ्यांचं मोठं उद्यान, आणि कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी, निमुळती होडी. पहिल्या वर्षी आम्ही तीन लिटरचा कुकर नेला होता. शिवाय दोन उशा, फोमची एक गादी आणि आमरसाचा डबा. टोरांटोहून गाडीने तीन तास, मग कनू लेक नावाच्या तळ्याच्या धक्क्यावर भाड्याची कनू. पाण्यात उतरली तेव्हा एवढं सामान तिला जाणवलंसुद्धा नाही. मी म्हटलं, बघा, उगाच घाबरत होता.

तळं संपलं आणि 'जो लेक' नावाच्या पुढच्या तळ्याला जायचा पोर्टाज आला. पिवळ्या पाटीवर लिहिलं होतं 295 मीटर. पोर्टाज म्हणजे दोन तळ्यांमधली पायवाट. तिथे होडीसकट सगळं खांद्यावर घेऊन चालायचं. आम्हाला तीन फेऱ्या लागल्या. तीनदा जायचं आणि दोनदा रिकाम्या हाताने परत यायचं, म्हणजे 295 चे झाले 1475 मीटर. तिसऱ्या फेरीला नवरा म्हणाला, "अगं, तो कुकर सोड पाण्यात." मी म्हटलं, "आधी तुमची गादी सोडा."

तेव्हापासून आमच्या घरात सामान पोर्टाजच्या हिशोबाने भरतात. दोन माणसं, दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत एकाच्या डोक्यावर कनू आणि दुसऱ्याच्या पाठीवर मोठी सॅक, दुसऱ्या फेरीत उरलेलं. तिसरी फेरी लागणार असं दिसलं की घरीच काहीतरी बाहेर काढायचं.

कनू भाड्याने घेताना केव्हलारची, म्हणजे हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याचीच मागा. भाडं जास्त पडतं, पण सोळा फुटी होडी वीस किलोच्या आसपास बसते. बाकी कशावर वाचवायचं ते वाचवा, हिच्यावर नको. उचलायची पद्धत अशी: होडीच्या मधोमध खांद्यासाठी कोरलेली आडवी पट्टी असते, तिला योक म्हणतात. होडीच्या बाजूला उभं राहून, गुडघे वाकवून, योक धरून ती आधी मांडीवर घ्यायची. मग पलीकडचा काठ एका हाताने धरायचा, मांडीने एक धक्का द्यायचा आणि होडी डोक्यावरून पालथी करून खांद्यावर बसवायची. धान्याचं पोतं पाठीवर घेताना हमाल जसा झोका देतो, तसंच. जोर हातांचा नसतो, मांडीचा असतो. घरून निघण्यापूर्वी लॉनवर चारदा करून बघा. शेजारी बघतील, बघू द्या.

वल्हवताना दोघांनी दोन बाजूंना वल्हं मारायचं. मागे बसतो त्याच्या हातात दिशा. पुढच्याला ते दिसत नाही, म्हणून भांडणं होतात. मागच्याचं वल्हं पुढे ढकलतं तशी होडीला वळवतंही. म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून वल्ह्याचं पातं किंचित बाहेर ढकलायचं. पात्याची वाट इंग्रजी जे अक्षरासारखी होते, म्हणून त्याला जे-स्ट्रोक म्हणतात. हे जमेपर्यंत आम्ही 'जो लेक' नागमोडी पार केलं. लाइफ जॅकेट मात्र पाठीमागे टेकायला न वापरता अंगात घाला. शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि 15 मीटरचा तरंगणारा दोर होडीत आहे ना, तेही बघून घ्या.

आता खाणं. अल्गॉन्क्विनच्या आतल्या भागात पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. आमचा आमरस धक्क्यावरच फोडून दोघांनी चमच्याने संपवला. लोणचं प्लास्टिकच्या बरणीत न्या. आमचा ठरलेला शिधा असा: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, मुगाची डाळ आणि तांदूळ पिशवीतच मिसळून, तूप घट्ट झाकणाच्या डबीत. भाजणीला पाणी, तिखट, मीठ, एक कांदा पुरतो. काळी अस्वलं आहेत, म्हणून खायचं सगळं एका पिंपात भरून रात्री झाडाला टांगायचं: जमिनीपासून साधारण चार मीटर वर, खोडापासून दोन मीटर लांब, आणि तंबूपासून चांगलं दूर. टूथपेस्ट आणि साबणही त्यातच. हिंगाची डबी तंबूत राहिली होती म्हणून मी एकदा रात्री दोनला टॉर्च घेऊन बाहेर पडले आहे.

मुक्कामाचं आरक्षण पाच महिने आधी उघडतं. ते तळ्याचं असतं, जागेचं नाही. काठावर मुक्कामाच्या जागेची नारिंगी पाटी दिसली आणि जागा रिकामी असली की आपली. म्हणून दुपारी दोनच्या आत पोहोचा. मे-जूनमध्ये जाऊच नका, काळ्या माश्या कानामागे रक्त काढतात. सप्टेंबर उत्तम, रात्री कानटोपी लागते.

शेकोटी दगडांच्या ठरलेल्या वर्तुळातच पेटवायची, आणि निघण्यापूर्वी आगबंदी नाही ना ते बघायचं. लाकूड घरून आणायचं नाही, त्यातून किडे पसरतात. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. पडलेल्या बर्चची साल शोधा. तिच्यात तेल असतं, पाऊस पडून गेला तरी कागदासारखी पेटते. तिच्यावर पाइनच्या वाळक्या काड्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या. त्याहून जाड नको. इथले लोक मोठमोठे ओंडके जाळतात. मला ते कळत नाही. स्वयंपाकाला निखारे लागतात, ज्वाळा नाही. निखाऱ्यात बटाटे आणि कांदे पुरा. इथली मुलं काठीला कणीक गुंडाळून बॅनक नावाची साधी भाकरी भाजतात, आमच्या मुलीने काठीवर भाजणी लावून बघितली. पडली.

शेकोटीभोवती इथे गोष्ट सांगतात ती टॉम थॉमसनची. हा चित्रकार 8 जुलै 1917 ला याच कनू लेकवरून कनूने निघाला. त्याची होडी उलटी तरंगताना दिसली, तो आठ दिवसांनी सापडला. बुडाला की कुणी मारलं, यावर अजून वाद आहे. आधी तळ्याकाठी पुरलं, मग घरच्यांनी लीथ गावाला नेलं म्हणतात, पण शवपेटीत खरंच तोच होता का, यावरही वाद. आमच्याकडून मी कोकणातल्या मामाच्या गावची हडळ सांगते. मग गाण्याच्या भेंड्या, पण हळू आवाजात. रात्री पाण्यावरून आवाज पार पलीकडच्या काठावर जातो. पहिल्या रात्री लून पक्षी ओरडला तेव्हा नवरा ताडकन उठून बसला होता. तो पक्षी इथल्या डॉलरच्या नाण्यावर आहे. नाणं बरं, रात्रीचा टाहो वेगळा.

झोपण्याआधी शेकोटीवर तळ्याचं पाणी ओता, काडीने ढवळा, परत ओता. मग राखेत उलटा हात ठेवा. कोमट लागली तरी अजून एक भांडं. इथली माती म्हणजे कुजलेली पानं आणि मुळं, आग खालून धुमसत दूर जाते.

सकाळी निघताना वाळक्या काड्यांची एक जुडी उलट्या होडीखाली कोरडी ठेवलेली असते, ती शेकोटीच्या दगडांशी ठेवून जातो. आम्ही पहिल्यांदा भिजत पोहोचलो होतो, तेव्हा तिथे कुणीतरी अशीच ठेवलेली होती.