हायब्रीडचं ऑईल फक्त किलोमीटर बघून बदलताय? या चुका टाळा

गेल्या पावसात गोव्यातल्या चोडण बेटावरचे एक सर दुकानात आले. रोज फेरीबोटीनं रायबंदरला उतरतात आणि पणजीत शाळेला जातात. गाडी स्ट्राँग हायब्रीड (इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवरही पळते ती), घेऊन सव्वा वर्ष झालेलं, मीटरवर ५,१०० किलोमीटर. आले होते वायपरची रबरं घ्यायला. मी सहज विचारलं, ऑईल बदललं का?

"अहो, अर्धा वेळ तर बॅटरीवरच चालते. इंजिन जेमतेम अडीच हजार चाललं असेल. दहा हजारांना अजून बराच अवकाश आहे."

बाहेर जाऊन डिपस्टिक काढली. ऑईल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं, आणि बोटावर घेतलं तर पेट्रोलचा वास. ऑईल कमी होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. न ओतता ते वाढलं कसं, हे काही सरांना पटेना.

माझा धंदा ऑईल आणि फिल्टर विकण्याचा, त्यामुळे मी "लवकर बदला" म्हटलं की गिऱ्हाइकाची नजर माझ्या गल्ल्याकडे जाते. म्हणून आधीच सांगतो, पुढे एकदोन ठिकाणी "बदलू नका" असंही मी म्हणणार आहे.

"बॅटरीवर चालते, म्हणजे ऑईल वाचतं"

काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. हिशेब वरवर बरोबरही वाटतो. पण इंजिन किती चाललं यापेक्षा ते किती गरम होऊन चाललं, यावर ऑईलचं आयुष्य जास्त अवलंबून असतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात, त्यामुळे दिसत नाही. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल मात्र खाली ऑईलमध्ये उतरतं. हे प्रत्येक पेट्रोल गाडीत होतं. साध्या गाडीत इंजिन सलग अर्धा-पाऊण तास तापलं की ऑईलही चांगलं तापतं आणि हा ओलावा परत वाफ होऊन बाहेर खेचला जातो. हायब्रीडचं इंजिन तीन मिनिटं चालतं, बंद पडतं, थोडं निवतं, परत दोन मिनिटं चालतं. कुलंट लवकर गरम होतं, ऑईल मागे राहतं. पाणी आणि पेट्रोल आत येत राहतात, बाहेर जाण्याइतकी ऊब मिळत नाही.

आता सरांचा रस्ता बघा. घर ते धक्का पाच-सात मिनिटं. फेरीसाठी रांग. पावसात काचा बंद, एसी चालू. हायब्रीडचा एसी विजेवर चालतो, म्हणून रांगेत शांतता असते. पण बॅटरी उतरली की ती भरायला इंजिन स्वतःच सुरू होतं, दोन-चार मिनिटं घुरघुरतं आणि बंद पडतं. या काळात मीटर एक किलोमीटरही पुढे जात नाही. पलीकडे उतरलं की पणजीपर्यंत पुन्हा थोडंसं अंतर. असं वर्षभर. त्या ५,१०० किलोमीटरांत इंजिन पुरतं तापलं असे दिवस बोटांवर मोजण्याइतके.

"गोव्यात थंडी कुठे आहे?" असं लगेच कोणीतरी विचारतं. इंजिनाच्या लेखी २८ अंश म्हणजे गारच. त्याला नव्वदच्या आसपास जायचं असतं. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल साधारण ७८ अंशांना उकळतं, म्हणजे ऑईल नीट तापलं तर उडून जाईल. पण तापलं तर.

एक गोष्ट हायब्रीडच्या बाजूनं सांगायला हवी. साध्या स्टार्टरसारखं हे इंजिन कण्हत सुरू होत नाही. मोठी मोटर त्याला आधी वेगात फिरवते आणि मग पेट्रोल मिळतं. दिवसातून तीस वेळा सुरू-बंद झालं म्हणून झीज तीसपट होत नाही. ती भीती सोडून द्या.

"जे आधी" हे दोन शब्द न वाचणं

आपल्याकडच्या बहुतेक हायब्रीडच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. लोक पहिला आकडा पाठ करतात, बाकीचं विसरतात.

गोवा लहान. पर्वरीहून पणजीला नोकरीला जाणारा माणूस दिवसाला फार तर बारा किलोमीटर धरा. वर्षात ३०० दिवस गेला तरी ३,६०० होतात. दहा हजार व्हायला पावणेतीन वर्षं लागतील. तेवढ्या काळात तीन पावसाळे त्या ऑईलनं काढलेले असतील. अशांसाठी किलोमीटरचा आकडा जवळजवळ बिनकामाचा आहे. त्यांनी तारीखच बघायची.

याउलट काणकोणहून पणजीला रोज ये-जा करणारा. येऊन-जाऊन १४० किलोमीटर, त्याचे दहा हजार अडीच महिन्यांतच पुरे होतात. पण ते ऑईल रोज पुरतं तापतं, धुतल्यासारखं कोरडं राहतं. त्यानं किलोमीटर बघावेत, आणि दहा हजारांच्या आधी बदलायचं काही कारण नाही. मोपा-दाबोळी विमानतळांच्या फेऱ्या करणाऱ्या टॅक्सीवाल्यांचंही तेच. यातले काही जण जुन्या डिझेल गाडीच्या सवयीनं दर पाच हजारांना ऑईल टाकून देतात. मी विकतो, पण मनात म्हणतो, पात्रांव, पैसे फुकट घालवतोयस.

पुस्तकात आणखी एक कोपरा असतो, तो तर कोणीच उघडत नाही: कठीण परिस्थितीतल्या वापराचा तक्ता. सतत छोट्या फेऱ्या, बराच वेळ जागेवर इंजिन चालू, धुळीचे रस्ते. यासाठी अंतर कमी दिलेलं असतं, बऱ्याचदा निम्मं. छोट्या फेऱ्या आणि रांगा म्हणजे पणजी-म्हापसा-मडगाव. धूळ म्हणजे डिचोली-साखळीकडचा खाणपट्टा. माझं मत विचाराल तर ज्यांची एकावेळची फेरी दहा किलोमीटरच्या आत आहे आणि आठवड्यातून एकदाही गाडी अर्धा तास सलग पळत नाही, त्यांनी सहा महिन्यांनी बदलावं. बाकीच्यांना वर्ष पुरेसं आहे. खाणपट्ट्यातल्यांनी ऑईलआधी एअर फिल्टर उघडून बघावा. तो लाल झाला असेल तर नुसतं ऑईल बदलून काय होणार?

ऑईल सोनेरी दिसतंय, मग ठीकच असेल

रंगावर जाऊ नका. चांगलं ऑईल काजळी धरून ठेवतं म्हणून लवकर काळं पडतं. ते त्याचं कामच आहे. हायब्रीडमध्ये इंजिन कमी चालल्यानं ऑईल वर्षभर मधासारखं राहू शकतं, आणि त्याच मधात पाणी-पेट्रोल मुरलेलं असू शकतं. डोळ्यांपेक्षा नाक आणि पातळी जास्त खरं सांगतात.

पातळी बघताना मात्र एक काळजी घ्या, ही गंमत नाही. गाडी "रेडी"मध्ये, म्हणजे पॉवर बटण चालू असेल तर इंजिन बंद दिसतं, आवाज शून्य, पण ते केव्हाही आपसूक सुरू होऊ शकतं. आत हात, पट्ट्याजवळ बाही, आणि इंजिन सुरू. म्हणून पॉवर बटण पूर्ण बंद करा, चावी खिशात घालून गाडीपासून लांब ठेवा. गाडी सपाट जागेवर हवी. इंजिन चालून बंद झाल्यावर पाचेक मिनिटं थांबा, डिपस्टिक एकदा पुसून परत घाला आणि मग वाचा.

पातळी वरच्या खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास असेल तर ऑईल बदलायची वेळ झाली, किलोमीटर काहीही असोत. बदलूनही दोन-तीन महिन्यांत पुन्हा चढली तर दोष ऑईलचा नाही. इंजेक्टर गळतोय का ते सर्व्हिस सेंटरला तपासायला सांगा. एक साधी शक्यता विसरू नका: शेवटच्या वेळी कोणीतरी जास्त ओतलं असेल. म्हणून बदलल्याच्या दिवशीच पातळी बघून ठेवायची.

ऑईल भरायच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढुरका थर दिसला की लोक घाबरून हेड गॅस्केट (कुलंट ऑईलमध्ये शिरू न देणारं इंजिनातलं सील) गेलं म्हणतात. पावसात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानंही येतो. थर पुसा, दोन-तीन वेळा गाडी लांब पळवून आणा, परत बघा. नाही आला तर विषय संपला. पण कुलंटची पातळी उतरत असेल किंवा डिपस्टिकवरचं ऑईलही दुधी असेल, तर गाडी चालवू नका, टो करून न्या. कुलंट बघताना हेही ध्यानात ठेवा की बऱ्याच हायब्रीडमध्ये दोन टाक्या असतात, एक इंजिनाची आणि एक इन्व्हर्टरची. इंजिनाचीच बघायची.

"आपल्या हवेला जाड ऑईल बरं"

माझ्या मेहुण्याची गाडी. एका गॅरेजमधल्या अनुभवी मेस्त्रीनं त्याला समजावलं की हे पाण्यासारखं पातळ ऑईल परदेशातल्या बर्फासाठी, आपल्याकडे २०डब्ल्यू-५० घाला, इंजिन मऊ चालेल. घातलं. महिन्याभरात मायलेज उतरल्याची कुरकूर माझ्याकडे घेऊन आला.

हायब्रीडला ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑईल का लागतं? इंजिन सतत सुरू-बंद होतं, बरेचदा अर्धवट गार असतं. अशा वेळी ऑईल क्षणात वरपर्यंत पोचायला हवं. आतल्या फटी आणि पंपही त्याच पातळपणाला धरून बनवलेले असतात. पहिला आकडा गारठ्यातला वाहतेपणा सांगतो आणि दुसरा तापल्यावरचा जाडपणा, म्हणून "आपल्याकडे बर्फ नाही" हा मुद्दा दुसऱ्या आकड्याला लागूच होत नाही. आणि ०डब्ल्यू-१६ मुळातच पातळ, त्यात पेट्रोल मुरलं तर आणखी पातळ होतं. तारीख पाळायची त्यामागे हेही एक कारण आहे.

डब्यावर मोठ्या अक्षरात "हायब्रीड" छापलेलं असलं म्हणजे भागलं असं नाही. पुस्तकातला ग्रेड आणि दर्जा जुळतो का ते बघा. तो जुळला तर "हायब्रीड" शब्द नसला तरी चालतं. सिंथेटिक म्हणजे दोन वर्षं निश्चिंत, हाही भ्रमच. आत तयार होणारं आम्ल मारणारी रसायनं सिंथेटिकमध्येही खर्ची पडतात.

छोट्या, पण महाग चुका

माइल्ड हायब्रीडवाल्यांनी वरचं सगळं स्वतःला लावून घेऊ नये. त्यांच्या गाडीत इंजिन चाललं तरच चाकं फिरतात. सिग्नलला ते थोडं झोपतं, एवढंच. ऑईलच्या बाबतीत ती साधी पेट्रोल गाडी समजा.

बाहेरच्या गॅरेजमध्ये हायब्रीड नवी असेल तर समोर उभे राहा. खाली दोन ड्रेन बोल्ट असतात, इंजिनाचा आणि ट्रान्सॲक्सलचा, म्हणजे गिअरबॉक्सचा. चुकून दुसरा उघडून गिअरचं तेल सोडलेलं मी पाहिलंय. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घ्या. शंभरभर रुपये वाचवून खाली थेंब पाडत कशाला फिरायचं? बिल जपून ठेवा. बॅटरीची ८ वर्षं, १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी लोकांना तोंडपाठ असते, पण इंजिनाचा दावा आला की ऑईलची बिलं मागतात.

सर्व्हिसची आठवण करून देणारा पिवळा संदेश आणि ऑईल-प्रेशरचा लाल दिवा यांत गल्लत करू नका. पहिल्याला आठवडाभर वेळ आहे. लाल दिव्याला, तुम्ही पणजीच्या अटल सेतूवर असलात तरी, नाही. बाजूला घ्या आणि बंद करा.

तारवटींच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या घरी एक वेगळाच प्रकार दिसतो. मालक सहा-आठ महिने बोटीवर, गाडी पोर्चमध्ये. घरचं कोणीतरी दर रविवारी पाच मिनिटं "स्टार्ट मारून" ठेवतं. बारा व्होल्टच्या बॅटरीला थोडं बरं वाटतं, पण ऑईलमध्ये दर रविवारी चमचाभर ओलावा घालण्यासारखं आहे ते. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास खरोखर फिरवून आणा, चढाचा रस्ता मिळाला तर उत्तम.

तारीख कुठली धरायची?

वर्षातून एकदाच बदलणार असाल तर पावसाळा संपल्यावर, दसऱ्याला. ओलावा मुरण्याचे चार महिने मागे पडलेले असतात, आणि गाडी त्या दिवशी धुवायची, झेंडूची माळ घालायची असतेच. सहा महिन्यांवाल्यांनी दसरा आणि गुढीपाडवा. फक्त अधिक महिना आला की दसरा पुढे सरकतो: २०२५ चा २ ऑक्टोबरला होता, २०२६ चा २० ऑक्टोबरला आहे. अशा वर्षी पंचांगापेक्षा बिलावरची तारीख बघा.

सरांनी त्याच दिवशी ऑईल आणि फिल्टर बदलून घेतला. तीन महिन्यांनी परत आले तेव्हा पातळी भरली होती तिथेच होती, वासही नव्हता. आता दर दुसऱ्या रविवारी गाडी काणकोणपर्यंत पळवतात म्हणे. सासुरवाडी तिकडेच आहे. ऑईलसाठी जातात की सासूबाईंच्या हातच्या हुमणासाठी, ते मी विचारलं नाही.