गोल कापड गोल का येत नाही? मोठं वर्तुळ कापताना या चुका टाळा

माझा पहिला गोल टेबलक्लॉथ अंथरला तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "गोल म्हणाली होतीस ना गं?" कापड चौपदरी घडी घालून, नाडीला खडू बांधून, जीव ओतून आखलं होतं. तरी चार कोपरे फुगलेलेच. दोष हाताचा वाटला, पण तो टाचणीचा होता. घडीच्या टोकाशी चार पदर जाड, तिथे टाचणी जाईना, म्हणून मी ती दोन्ही घड्यांपासून दीड इंच आत टोचली. तेवढ्यानं ३५ इंच त्रिज्येच्या वर्तुळात तिरका व्यास उभ्या-आडव्या व्यासापेक्षा सव्वा इंचाने वाढला.

म्हणून कापायच्या आधी नुसत्या आखलेल्या रेषेवर फीत ठेवा. घडीच्या टोकापासून एका घडीवर, दुसऱ्या घडीवर आणि मधोमध तिरकं, असं तीनदा मोजा. तिन्ही माप सारखं आलं तरच कात्री उचला.

नाडी, दोरा आणि लंबगोल

एक घडी लांब आणि दुसरी आखूड भरत असेल, तर बहुतेक वेळा गुन्हेगार दोरा असतो. सुती दोरा ताणला जातो, लोकर तर फारच. शिवाय फिरताना तो टाचणीभोवती गुंडाळला जातो आणि प्रत्येक वळणाला थोडा आखूड होतो. खडू तिरका धरला तरी हेच. दोऱ्याऐवजी पुठ्ठ्याची लांब पट्टी घ्या. एका टोकाला टाचणीपुरतं आणि त्रिज्येच्या अंतरावर पेन्सिलीपुरतं भोक पाडा. मापाची फीत वापरायची तर नवी घ्या, जुन्या फिती ताणून लांबलेल्या असतात. टाचणी दुसऱ्या कुणाला तरी उभी धरायला लावा.

घडीच काटकोनात नसेल तर पट्टीही वाचवणार नाही. दुकानातून आलेलं कापड सरळ कापलेलं असेलच असं नाही. एक आडवा धागा ओढून काढा, त्या रेषेवर कापा आणि मग घडी घाला. सुती कापड आधी धुऊन इस्त्री करायलाच हवं. ते उभ्या धाग्यात जास्त आटतं, आडव्यात कमी. आज गोल असलेला टेबलक्लॉथ पहिल्या धुण्यात लंबगोल होतो आणि आपण मशीनला शिव्या देतो.

घडीपाशी चोच किंवा खळगा

कापड उलगडल्यावर चार घड्यांच्या जागी टोकं किंवा खाचा दिसतात. वर्तुळाची रेषा घडीला नेमक्या काटकोनात भेटली नाही की असं होतं. घडीपाशी पहिला एक-दीड इंच कंपासपेटीतल्या काटकोनी गुण्याने तपासा. मधले ठिपके सरळ रेषांनी जोडू नका, तीनेक इंचांवर ठिपके देऊन वळणदार जोडा.

चार पदर एकदम कापताना खालचे सरकतात. जॉर्जेट आणि सॅटिन तर सरकणारच. खाली वर्तमानपत्र ठेवून टाचण्या लावा आणि कागदासकट कापा. मला स्वतःला कागदी कटिंग जास्त भरवशाचं वाटतं. वर्तमानपत्रं चिकटवून पाव वर्तुळाचा तुकडा करायचा, तो कापडावर चारदा फिरवून आखायचा. वेळ जातो, पण एकच पदर कापल्यामुळे चूक झाली तरी एकाच पदरात.

कंबर अचानक मोठी का होते

अंब्रेला घेरात, म्हणजे गोल कापून केलेल्या घेरदार स्कर्टमध्ये, सगळ्यात महागडी चूक हीच. पूर्ण घेराला, म्हणजे अख्ख्या वर्तुळाला, कंबरेचं माप ६.२८ ने भागायचं. कंबर २८ इंच असेल तर त्रिज्या साधारण साडेचार. ४ ने भागून ७ इंच घेतले, तर कंबर ४४ होते! अर्ध्या घेराला मात्र ३.१४ ने भागतात, म्हणजे जवळपास ९.

मार्जिनचा, म्हणजे शिलाईसाठी सोडलेल्या कापडाचा, घोळ याहून चोरटा. सवयीने आपण साडेचारमध्ये अर्धा इंच मिळवतो. पण कंबरेची शिलाई कापलेल्या कडेच्या बाहेर, म्हणजे मोठ्या वर्तुळावर पडते. ५ इंचावर कापून कडेपासून अर्धा इंच सोडून कापडात शिवलं तर कंबर साडेचौतीस. म्हणून इथे मार्जिन वजा करायचं, ४ इंचावर कापायचं. बाजूच्या शिलाया असतील तर त्यांचं मार्जिन भागण्याआधीच कंबरेच्या मापात मिळवा. शंका असेल तर लहानच कापा, वाढवता येतं. मोठी झालीच तर बाजूला आत घ्या किंवा इलॅस्टिक घाला. कापल्याबरोबर कंबरेच्या कडेला एक साधी शिलाईही मारून टाका, उरेब, म्हणजे धाग्यांना तिरक्या, भागात ती कड हाताळताना सैल पडते.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विसरू नका. ४४ इंच पन्ह्यात चौपदरी घडीने जास्तीत जास्त २२ इंच त्रिज्या बसते. पूर्ण लांबीच्या घेराला दोन अर्धी वर्तुळं कापावी लागतात. कंबरेची त्रिज्या आणि घेराची लांबी मिळून ४१ इंच होत असेल तर प्रत्येकाला ८२ इंच लांबी, दोन्हींना मिळून सव्वाचार मीटरच्या आसपास. टेबलक्लॉथला जोड द्यायचा तर मधोमध देऊ नका. पूर्ण पन्हा मध्ये आणि अर्धे तुकडे दोन बाजूंना लावा.

खालची कड

घेर शिवून लगेच दुमड घालू नका. एक रात्र, जमल्यास पूर्ण दिवस, टांगून ठेवा. उरेब भाग चार ठिकाणी लोंबतो. मग घालून उभं राहायचं आणि दुसऱ्याने जमिनीपासून पट्टीने मोजून जादा कापायचं.

रुंद दुमड गोल कडेला बसत नाही, चुण्या पडतात. १ इंच दुमडलं की कापलेली कड ज्या रेषेवर जाऊन बसते, तिच्यापेक्षा ती साडेबारा इंच लांब असते, मग ते सगळं कुठे मुरवणार? पाव इंचाची दुमड केली तर हा फरक तीन इंचांवर येतो, तो हळूहळू ढकलून बसवता येतो. जाड कापडाला मी सरळ उरेब पट्टी लावते. पट्टी ताणून लावली तर कड आत वळते, सैल हाताने लावायची.