फॉर्मॅट मारायच्या आधी घड्याळ बघा

परळला आमच्या बिल्डिंगच्या सोसायटी ऑफिसमागे एक खोली आहे, तिथे दर रविवारी सकाळी आमचा कॉम्प्युटरचा कट्टा भरतो. दोन टेबलं, चार जुने मॉनिटर, वडापाव आणि कटिंग. कोणी शॉर्टकट शिकवतं, कोणी बिघडलेला कॅबिनेट मांडीवर घेऊन टॅक्सीने येतं, आणि बहुतेक जण गप्पा मारायलाच येतात, त्यात काही वाईट नाही. पण इतकी वर्षं त्याच त्याच चुका बघून आता वैताग आलाय म्हणून लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात महागात जाणारी चूक म्हणजे ‘फॉर्मॅट मार’, म्हणजे विंडोज असतो तो सी ड्राइव्ह पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकायचं. नेट चालत नाही, फॉर्मॅट मार. स्लो झाला, फॉर्मॅट मार. प्रिंटर ऐकत नाही, तरी फॉर्मॅटच. ताप आला की लगेच ऑपरेशन करायचं असला हा प्रकार आहे.

मागे शिवडीच्या एक काकू आल्या होत्या. भजनी मंडळ चालवतात, मंडळाची सव्वाशेच्या वर भजनं त्यांनी स्वतः एका बोटाने टाइप करून ठेवलेली. तक्रार काय, तर कुठलीही साइट उघडली की ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. भाच्याने व्हायरस म्हणून फॉर्मॅट मारला, दोन दिवसांनी परत तेच. मग दुकानातल्या पोराने अँटिव्हायरस विकला आणि वर अजून एकदा फॉर्मॅट मारला, तरी परत तेच. मी कॅबिनेट जोडला, चालू केला आणि पहिलं काम म्हणजे खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं. तारीख २००९ सालातली!

आता हे जरा नीट समजून घ्या. प्रत्येक साइटकडे ती खरी असल्याचं एक सर्टिफिकेट असतं, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. तुमचा कॉम्प्युटर २००९ मध्ये बसलाय, सर्टिफिकेट आत्ताचं आहे, मग ब्राउझर म्हणणारच की बाबा हे तर अजून सुरूच झालेलं नाही, मी नाही उघडत. आणि घड्याळ मागे जातं कारण मदरबोर्डवरची, म्हणजे आतल्या मुख्य पट्टीवरची, नाण्याएवढी बॅटरी उतरलेली असते, सीआर २०३२, तीन व्होल्टची. मशीन बंद असताना घड्याळ तीच चालवते. त्यात आपल्या घरांत झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त असते, ती चांगलीच आहे, पण मग बोर्डाला स्टँडबायचा करंट मिळत नाही आणि रात्रभर सगळा भार त्या बिचाऱ्या बॅटरीवर येतो, म्हणून ती जरा लवकर जाते. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवतं हे खरं, पण घड्याळ खूपच मागे गेलं असेल तर बऱ्याचदा तेही जुळवत नाही, हाताने तारीख घालावी लागते.

बॅटरी वडापावच्या पैशात येते. लॅमिंग्टन रोडलाच जायला पाहिजे असं नाही, घड्याळवाल्याकडेही मिळते. माझ्या बॅगेच्या कप्प्यात दोन कायम असतात, घरचे हसतात, हसू देत. बदलताना प्लग काढा, जुनी बॅटरी कुठली बाजू वर करून बसली होती त्याचा मोबाइलवर फोटो काढा, क्लिप हळूच बाजूला सरकवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, सॉकेट तुटतं.

काकूंचं नेट दहा मिनिटांत चालू झालं. पण खरं दुखणं पुढेच होतं. भाच्याने आणि दुकानातल्या पोराने फॉर्मॅटच्या आधी डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हवर काढून ठेवलेली, एवढं तरी केलं. फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, नुसता खिचडा. काकूंचा चेहरा बघवत नव्हता. भजनं गेली नव्हती हो, फॉन्ट गेला होता. ती सगळी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, आणि फॉन्ट राहतात सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये, ते फॉर्मॅटमध्ये साफ झाले.

ही माझी दुसरी लाडकी चूक. जुन्या फॉन्टमधलं मराठी म्हणजे खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांना मराठीचा मुखवटा चढवलेला. मुखवटा काढला की संपलं. युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना नंबर देणारी पद्धत, त्यात ‘क’ला जगभर एकच नंबर आहे, त्यामुळे फाइल मोबाइलवर उघडा नाहीतर कुठेही, ‘क’ तो ‘क’च राहतो. तरी अजून लोक नवीन मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, का तर हाताला सवय आहे. छापखान्याचं एक समजू शकतो, पण घरी?

काकूंना फॉन्टचं नाव आठवत नव्हतं. नशीब, मंडळातल्या दुसऱ्या एकीच्या मशीनवर तो सापडला. टाकला, भजनं परत दिसली, काकूंनी तिथेच हात जोडले. मग कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुना फॉन्ट बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, युनिकोड केलं आणि इथेच घाई करणारे फसतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, दिसते तशी. युनिकोडमध्ये ‘वि’ लिहायचा तर आधी ‘व’ आणि मग वेलांटी. रफाराचंही उलटं, जुन्यात तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र’, हलंत, मग पुढचं अक्षर. कन्व्हर्टर बहुतेक ठिकाणी बरोबर उलटवतो पण जोडाक्षरं आली की गडबडतो. आमच्याकडे ‘विठ्ठल’ची वेलांटी मधल्या ‘ठ्ठ’वर जाऊन बसली होती, आणि भजनाच्या वहीत विठ्ठल किती वेळा येतो ते तुम्हीच मोजा. पाच रविवार लागले. एक काका मोठ्याने वाचायचे, मी दुरुस्त करायचो, काकू मधेच चाल लावायच्या.

तर माझी सवय सांगतो. फॉर्मॅट मारावाच लागला तर आधी फॉन्ट्सचं अख्खं फोल्डर कॉपी करायचं, मग डेस्कटॉप, मग डॉक्युमेंट्स, मग डाउनलोड्स. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं मुळात सी ड्राइव्हवरच असतं हे अजूनही निम्म्या लोकांना सांगावं लागतं. ‘मी सीमध्ये काहीच ठेवत नाही, सगळं समोर डेस्कटॉपवरच आहे’, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय.

मराठी टाइप करायला विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी ॲड करा, मग विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड शिका, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. पंधरा दिवस चिडचिड होईल. रोमनमध्ये लिहून मराठी करणारे शॉर्टकटवाले मला पटत नाहीत, पण भांडत नाही.

बाकीच्या चुका पटापट. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, तिथे शोधू नका. पेनड्राइव्हमध्ये सगळे शॉर्टकट दिसायला लागले तर तो बहुधा व्हायरस असतो, एकावरही डबलक्लिक करू नका, फाइली बहुधा लपवलेल्या असतात, नुसतं ‘हिडन आयटम्स’ टिक करून त्या दिसतीलच असं नाही, सिस्टिम फाइल्स लपवायची जी टिक असते तीही काढावी लागते. कॅबिनेटवर क्रोशाचा रुमाल टाकू नका, शोभा नको, हवा पाहिजे. पावसाळ्यात मशीन नुसतं बीप बीप करून सुरूच होत नसेल तर प्लग काढून रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, बाहेर काढा, सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने हलकी पुसा, परत बसवा, मुंबईच्या दमट हवेत निम्म्या वेळा एवढ्यावरच भागतं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडणार असं समजून तिघे जण नवीन घेऊन आले. बंद पडत नाही हो. सिक्युरिटीचे अपडेट थांबतात, ते गंभीर आहे, बँकेची कामं त्यावर करू नका, पण मशीन भंगारात घालायच्या आधी इथे आणा. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो आणि कित्येक बोर्डांवर तो असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद असतो. प्रोसेसरच जुना असेल तर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून देतो, एक आजोबा त्यावर मजेत पत्ते खेळतात.

स्क्रीनभर लाल पाटी आली, भोंगा वाजायला लागला, खाली फोन नंबर दिसला, तर ती फसवणूक असते, त्या नंबरावर फोन करायचा नाही. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.

एक चूक शिकवणाऱ्यांची, आणि ती मीही केलीय. समोरच्याच्या हातातून माऊस घ्यायचा नाही. दोन क्लिकमध्ये काम होतं, आपल्याला शहाणं वाटतं, आणि पुढच्या रविवारी तोच माणूस तोच प्रश्न घेऊन येतो. कॉलेजच्या पोरांना हे अजिबात जमत नाही, त्यांना मी सरळ हात मागे बांधून उभं करतो. आणि येणाऱ्यांनो, ‘काहीतरी आलं होतं, मी ओके केलं’ असं सांगू नका. काय आलं होतं? ओके करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, मग बोलू.

येताना पासवर्ड लिहून आणा, आणि पॉवर केबलही आणा, कट्ट्याची एकच होती, ती गेल्या रविवारी कोणीतरी घेऊन गेलंय. कोणी ते मला माहीत आहे.