यूएसबी व्हिडिओ कॅप्चरचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवताना

लिनक्सला यूएसबी कॅप्चर उपकरण (बाहेरचं व्हिडिओ चित्र संगणकात घेणारं) जोडलं आणि ते चाललं नाही, की नवा माणूस हमखास विचारतो, ‘याचा ड्रायव्हर कुठून उतरवून घ्यायचा?’ मी हे काम बरीच वर्षं करतेय आणि माझं ठाम मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. बहुतेक वेळा ड्रायव्हर तुमच्या कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच, आलेला असतो. तो उपकरणाला जाऊन का चिकटला नाही, एवढंच शोधायचं असतं, आणि त्याचं उत्तर कर्नलच्या लॉगमध्ये बऱ्यापैकी स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असतं.

आधी खोक्यावरचं नाव डोक्यातून काढून टाका. ड्रायव्हर नावाला नाही, आतल्या चिपला जुळतो. ‘ईझीकॅप’ या नावाने विकली जाणारी ॲनालॉग कॅप्चरची उपकरणं घ्या. बाहेरून सगळी सारखी, पण आत कधी सिंटेकची एसटीके११६०, कधी फुशिकाईची यूटीव्ही००७, कधी सोमॅजिकची, तर कधी एम्पियाची चिप. चौघींचे ड्रायव्हर वेगळे. कुणी म्हणालं, ‘माझं ईझीकॅप अमुक ड्रायव्हरवर चालतं’, तर त्यावरून तुमच्या उपकरणाबद्दल काहीच कळत नाही.

कळतं ते एलएसयूएसबी या कमांडने. ती प्रत्येक उपकरणापुढे दोन आकडे दाखवते, उत्पादकाचा आणि उत्पादनाचा. ०५ई१:०४०८ दिसलं तर ड्रायव्हर एसटीके११६०, १बी७१:३००२ दिसलं तर यूएसबीटीव्ही. पहिला कर्नल ३.७ मध्ये (२०१२) आला, दुसरा ३.११ मध्ये (२०१३). म्हणजे आज वापरात असलेल्या जवळपास कुठल्याही कर्नलमध्ये हे दोन्ही असायला हवेत. सोमॅजिकचं प्रकरण वेगळं. तिला आधी फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) भरवावं लागतं, ते मिळाल्यावर ती यूएसबी बसवर नव्या ओळखीने पुन्हा उगवते, आणि तिचा ड्रायव्हर कर्नलबाहेरून आणावा लागतो.

एचडीएमआय पकडणारी उपकरणं त्या मानाने सोपी. त्यातली बरीचशी यूव्हीसी (यूएसबी व्हिडिओ क्लास) या प्रमाणित वर्गात बसतात आणि त्या वर्गासाठी यूव्हीसीव्हिडिओ हा एकच ड्रायव्हर २००८ पासून, कर्नल २.६.२६ पासून, आहे. उपकरणाच्या इंटरफेसचा वर्ग १४ दिसला की वेगळा ड्रायव्हर शोधायचाच नाही. इथे नवखे गोंधळतात ते दुसऱ्याच गोष्टीने. एका उपकरणाला डेव्ह फोल्डरमध्ये व्हिडिओ० आणि व्हिडिओ१ अशा दोन नोंदी दिसतात आणि दुसरी उघडली तर चित्रच येत नाही. ती बिघडलेली नसते. ती मेटाडेटासाठी, म्हणजे चित्रासोबतच्या माहितीसाठी असते.

आता लॉग. कर्नलचा लॉग दाखवणारी डीमेसेज ही कमांड सतत वाहती ठेवा आणि मगच केबल खोचा. एसटीके११६० चं उपकरण नीट ओळखलं गेलं तर एक ओळ येते, नवं उपकरण सापडलं म्हणून. त्याच ओळीत उपकरणाचं नाव, ४८० एमबीपीएस हा वेग, वरचे दोन आकडे आणि इंटरफेसचा क्रमांक असतो. या ओळीतला वेग आवर्जून वाचा. तिथे १२ दिसलं तर उपकरण जुन्या वेगावर अडकलंय, आणि हा ड्रायव्हर हाय-स्पीड पोर्ट हवा असा इशारा देतो. अशा वेळी केबल, हब किंवा पोर्ट बदलायचा, कोडला हात लावायचा नाही. पुढच्या ओळींमध्ये एसएए७११३ किंवा तशीच चिप सापडल्याचं दिसेल. ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणारा तो डीकोडर. यूएसबीची चिप सापडली पण ही ओळ आलीच नाही, तर आतल्या आय२सी जोडणीत (चिपा एकमेकींशी बोलतात त्या तारांत) काहीतरी अडलंय असं समजा.

लॉगमध्ये नुसतं ‘नवं यूएसबी उपकरण’ येऊन पुढे शांतता असेल, तर मॉड्यूल (ड्रायव्हरची कर्नलमध्ये चढवायची फाइल) आहे का ते पाहा. मॉडइन्फो या कमांडला ड्रायव्हरचं नाव दिलं की त्याच्या एलियस ओळी दिसतात आणि तो कुठले आकडे स्वीकारतो ते त्यात असतं. मॉड्यूलच सापडत नसेल तर बूट फोल्डरमधली कर्नलची कॉन्फिग फाइल उघडा. छाटलेल्या कर्नलांमध्ये मीडियाचा अख्खा विभाग गाळलेला असतो, आणि उबुंटूच्या बऱ्याच कर्नलांत असे ड्रायव्हर ‘मॉड्यूल्स एक्स्ट्रा’ नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. तेवढं पॅकेज टाकलं की काम होतं. हे न बघता सोर्स कंपाइल करायला बसणारे मी फार पाहिलेत, म्हणून इतकं सांगतेय.

कर्नलबाहेरचा ड्रायव्हर घ्यावाच लागला, तर चालू कर्नलच्या आवृत्तीचेच हेडर्स (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) हवेत. नाहीतर मॉड्यूल चढवताना ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून नकार मिळतो. सेक्युअर बूट (फक्त सही केलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर सहीच्या किल्लीबद्दल तक्रार येते. मग मॉड्यूलवर स्वतःच्या किल्लीने सही करून ती किल्ली मॉकयूटिल या कमांडने नोंदवायची आणि रीबूटच्या वेळी मंजूर करायची. कर्नल बदलला की हे सगळं पुन्हा करावं लागू नये म्हणून मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारं डीकेएमएस वापरा. आणि जुना सोर्स कंपाइल होत नसेल तर घाबरू नका. कर्नल आपला अंतर्गत एपीआय (ड्रायव्हर वापरतात ती फंक्शनं आणि नावं) स्थिर ठेवण्याचं वचन देत नाही. चित्राचे बफर सांभाळणारा व्हिडिओबफ जाऊन व्हिडिओबफ२ आला, व्हीएफएल_टाइप_ग्रॅबर चं नाव व्हीएफएल_टाइप_व्हिडिओ झालं. नाव बदललं असेल तर दुरुस्ती एका ओळीची असते. बफरचा सांगाडाच जुना असेल तर मात्र तो सोर्स सोडून द्यावा आणि आधार असलेल्या चिपचं उपकरण घ्यावं.

ड्रायव्हर जुळला, नोंद दिसली, आणि चित्र सुरू करताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश आला, तर डिस्कवरच्या फाइली उडवायला धावू नका. इथे जागा म्हणजे यूएसबी बसची बँडविड्थ, आणि हा हिशोब एकदा कागदावर करून पाहावा. पाल (ॲनालॉग टीव्हीचं एक मानक) चित्र ७२० गुणिले ५७६ पिक्सेलचं, वाययूवायव्ही या कच्च्या मांडणीत प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, सेकंदाला २५ फ्रेम. गुणाकार केला की २,०७,३६,००० बाइट येतात. यूएसबी २.० मध्ये वेळेचे १२५ मायक्रोसेकंदांचे तुकडे असतात. एका आयसोक्रोनस एंडपॉइंटला (उपकरणाच्या राखीव वेळेच्या वाहिनीला) त्यातल्या प्रत्येकात जास्तीत जास्त ३०७२ बाइट मिळतात, म्हणजे सेकंदाला २,४५,७६,००० बाइट. एक उपकरण जेमतेम बसतं. आता दुसरं लावा. एका तुकड्यात एकूण ७५०० बाइट मावतात, पण अशा राखीव वाहतुकीसाठी त्यातले ८० टक्केच, म्हणजे ६००० बाइट देता येतात. दोघांनी पूर्ण वाटा मागितला तर ६१४४ लागतात. म्हणून दुसऱ्याला नकार. यूएसबी ३ च्या हबवर दोघांना लावूनही फरक पडत नाही, कारण यूएसबी २ ची उपकरणं त्यातही ४८० च्याच तारेवरून जातात. एलएसयूएसबीचा झाडासारखा आराखडा पाहा आणि दुसरं उपकरण वेगळ्या रूट हबवर न्या.

१०८० ओळींचं चित्र सेकंदाला ३० फ्रेमने कच्चं पाठवायचं तर १२ कोटी ४४ लाख बाइट लागतील. यूएसबी २ वर ते शक्यच नाही, म्हणून तिथे सहसा एमजेपेग (प्रत्येक फ्रेम दाबून पाठवणारा फॉरमॅट) हाच मार्ग. व्ही४एल२-सीटीएल या कमांडने उपकरणाचे फॉरमॅट आधी बघून घ्या आणि ॲप्लिकेशनमध्ये तो फॉरमॅट स्वतः निवडा. कच्च्या फॉरमॅटच्या वेळी काही यूव्हीसी उपकरणं गरजेपेक्षा जास्त बँडविड्थ मागतात. त्यांच्यासाठी यूव्हीसीव्हिडिओला क्वर्क्स ०एक्स८० हा पर्याय देता येतो. मग ड्रायव्हर हिशोब स्वतः करतो.

किरकोळ गोष्टी थोडक्यात. चित्र गडगडत असेल तर पाल आणि एनटीएससी (टीव्हीचं दुसरं मानक) यांतलं बरोबर निवडलंय का ते तपासा. परवानगी नाकारली तर स्वतःला व्हिडिओ गटात घाला. आवाज बहुतेक वेळा वेगळ्या साउंड कार्डासारखा दिसतो, तो व्हिडिओच्या नोंदीत शोधू नका.

ज्यांना कर्नलच्या कामात शिरायचंय त्यांना मी हाच रस्ता सुचवते. ओळखीची चिप, पण आकडे ड्रायव्हरच्या तक्त्यात नाहीत, असं उपकरण हाती आलं तर आधी सिसएफएसमधल्या (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथल्या) न्यू_आयडी फाइलमध्ये ते आकडे लिहून पाहा. चित्र आलं तर तक्त्यात एक ओळ वाढवा, पॅचची मांडणी तपासणारं चेकपॅच चालवा, पॅच कुणाला पाठवायचा ते गेट_मेंटेनर या स्क्रिप्टला विचारा, आणि कुठल्या उपकरणावर काय तपासलं ते कमिट संदेशात सविस्तर लिहा. तपासणीत एक गोष्ट वगळू नका: चित्र चालू असताना केबल उपटा. ॲप्लिकेशन बंद केल्यावर एलएसमॉडमधला (चढवलेल्या मॉड्यूलांच्या यादीतला) त्या मॉड्यूलचा वापराचा आकडा शून्यावर यायला हवा आणि मॉड्यूल मुकाट्याने उतरायला हवं. आकडा शून्य होत नसेल किंवा लॉगमध्ये ऊप्स (कर्नलच्या गंभीर चुकीची नोंद) दिसला, तर पॅच पाठवण्याआधी डिस्कनेक्टचा कोड वाचायला बसा.